लॉहेडन : बिशपांचा किल्ला

वेल्सच्या नैर्ऋत्येकडील पेम्ब्रोकशायर परगण्यात, ईस्टर्न क्लेडाय नदीच्या खोऱ्यावर नजर ठेवता येईल अशा उंचवट्यावर लॉहेडनचा किल्ला आहे. तो सेंट डेव्हिड्सच्या बिशपांचा होता. बिशप म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रांताचा प्रमुख. परंतु मध्ययुगात या पदाबरोबर जमिनी, न्यायदानाचे अधिकार आणि वसुलीचे हक्कही येत असल्यामुळे तो धर्मगुरू असतानाच मोठा जमीनदारही असे, आणि लॉहेडन हे त्याच्या सुपीक जमिनींचे मुख्य ठाणे होते.

१११५ मध्ये बर्नार्ड हा या धर्मपीठावरचा पहिला नॉर्मन बिशप झाला. त्याच्या काळात येथे गोलाकार खंदक खणून, निघालेल्या मातीचा बांध घालून आणि त्यावर लाकडी कूड उभारून गढी तयार झाली असे मानले जाते. नॉर्मन सत्ता वेल्श राजांना मान्य नव्हतीच. धर्माचे वलयही बिशपांच्या कामी आले नाही, कारण ११९२ मध्ये देहॉयबार्थचा राजा रीस याने हे ठाणे जिंकून घेतले. ते परत मिळाल्यावर लाकडाची जागा दगडाने घेतली. तेराव्या शतकाच्या अखेरीस बिशप टॉमस बेक याने गावात बाजार वसवला आणि १२८७ मध्ये वाटसरू व आजारी यांच्यासाठी धर्मशाळा स्थापली.

आज दिसणारे बहुतेक अवशेष तेराव्या-चौदाव्या शतकांतील पुनर्बांधणीचे आहेत. खालच्या मजल्यावर कोठारे, वर मेजवान्या आणि दरबारासाठी दिवाणखाना, बिशपाची खासगी दालने, प्रार्थनागृह, बहुकोनी बुरूज आणि पाहुण्यांच्या व शिबंदीच्या खोल्या अशी ही रचना पाहिली की तटाच्या आत वाडाच बांधला होता, हे ध्यानात येते. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातील दोन बुरुजांच्या दरवाजाचा दर्शनी भाग जवळजवळ पूर्ण उंचीने उभा असून मागची बाजू मात्र बरीचशी ढासळली आहे. तोवर वेल्स इंग्लंडच्या ताब्यात येऊन शंभर वर्षे होत आली होती. तेव्हा एवढा भव्य दरवाजा शत्रूपेक्षा कुळांवर आणि पाहुण्यांवर छाप पाडण्यासाठीच अधिक उभारला असावा.

सोळाव्या शतकात बिशप विल्यम बार्लो याने छपरांवरचे शिसे उतरवून घेतले. छप्पर उघडे पडल्यावर पावसाळी वेल्समध्ये इमारत टिकणे शक्यच नव्हते, आणि पुढे गावकऱ्यांना तयार दगडांची खाणच सापडली. सध्या ‘कॅडू’ ही वेल्स सरकारची वारसा-संस्था किल्ल्याची देखभाल करते.