नावे कोरायची राहिली

पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात जुन्या चावडीच्या भिंतीत, शाळेच्या दारापाशी किंवा देवळाच्या आवारात एखादी पांढरी संगमरवरी पाटी बसवलेली आढळते. मजकूर सगळीकडे जवळजवळ सारखाच: या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. पुष्कळ ठिकाणी तो इंग्रजीत आहे. पाटीवर आकडे दोनच असतात, गेलेल्यांचा आणि परत न आलेल्यांचा. नाव, बापाचे नाव, वाडी, पलटण यांतले काहीही नसते. गावाने शंभर वर्षे ती पाटी सांभाळली, पण ज्यांच्यासाठी ती लावली ते कोण होते, हे आज गावातल्या फार थोड्यांना सांगता येते.

महाराष्ट्राला आपल्या लढाऊ परंपरेचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे. गडकोटांवर आपण गर्दी करतो, शिवजयंतीला गावोगाव मिरवणुका निघतात. मात्र या राज्याच्या मातीतून गेलेल्या आणि परक्या मुलखात किंवा सीमेवर कामी आलेल्या साध्या शिपायाची आठवण आपण कशी ठेवली, याचा हिशेब मांडला तर जमेच्या बाजूला बरेच काही आहे आणि खर्चाच्या बाजूलाही. हा आढावा त्यासाठी.

वीरगळापासून जयस्तंभापर्यंत

पडलेल्या वीराचे स्मारक करण्याची आपली रीत इंग्रजांच्या कितीतरी आधीची आहे. गावाबाहेर, शंकराच्या देवळाभोवती उभे असलेले वीरगळ हे त्याचे रूप. खालच्या चौकटीत लढाई, कधी बाजूला गाई, म्हणजे गोधन राखताना आलेले मरण. वरच्या चौकटीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, त्याच्या वर शिवलिंगाची पूजा करणारा वीर आणि शेवटी चंद्रसूर्य. बोरिवलीजवळच्या एक्सरच्या वीरगळांवर तर गलबतांची लढाई कोरलेली आहे. बहुतेक वीरगळांवर लेख नाही, पण दगड घडवला तेव्हा तो कोणाचा, हे गावाला ठाऊक होते. पुढे ती माहिती पुसली गेली आणि लोकांनी शेंदूर लावून त्याचा देव केला. आदर टिकला, माणूस हरवला.

भीमा कोरेगावचा स्तंभ याला अपवाद ठरतो. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर १८२१ मध्ये त्याचा पाया घातला गेला. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतील शिपायांची नावे त्यावर आहेत आणि त्यांतली २२ नावे महार शिपायांची म्हणून ओळखली जातात. नावे दगडावर होती म्हणून पुढच्या पिढ्यांना ती वाचता आली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजी तिथे गेले, तेव्हा ज्या समाजाला लष्कराची दारे बंद केली गेली होती, त्याच्या शौर्याचा पुरावा त्यांच्यासमोर उभा होता. त्याआधी पहिल्या महायुद्धात १११ वी महार पलटण उभी राहिली होती आणि १९२१ मध्ये मोडली गेली होती. शेवटी १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट स्थापन झाली. दगडावरची नावे समाजाच्या हक्काच्या लढ्याला केवढे बळ देतात, हे यावरून कळते.

बसऱ्याच्या भिंतीवरचे आकडे

मराठा लाइट इन्फंट्रीची सर्वांत जुनी पलटण, जंगी पलटण, १७६८ ची. रेजिमेंटचे केंद्र बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातील सागरला. दोन्ही घरे आज महाराष्ट्राच्या सीमेबाहेर असली तरी सातारा, सांगली, कोल्हापूर, रायगड, रत्नागिरी, अहिल्यानगर या जिल्ह्यांतल्या कित्येक घरांत या नावांवर पिढ्या वाढल्या आहेत. सातारा जिल्ह्यात अपशिंगे गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ कायमचे जोडले गेले. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आल्याचे तिथला स्तंभ सांगतो. शिरोळ तालुक्यातील टाकळी ‘सैनिक टाकळी’ म्हणूनच ओळखली जाते.

पहिल्या महायुद्धात मराठा पलटणींच्या वाट्याला सर्वांत मोठा भोग मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, आला. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत कूत-अल-अमाराला तुर्की फौजेचा वेढा होता. मराठ्यांच्या १०३, ११० आणि ११७ या पलटणी आत अडकल्या होत्या. अन्न संपले, जनावरे कापून खाण्याची वेळ आली, रोगराई पसरली आणि शेवटी शरणागती झाली. कैदेत नेताना वाळवंटातल्या वाटचालीत आणि नंतर छावण्यांत आणखी शेकडो गेले. ११७ व्या पलटणीला या वेढ्यातील झुंजीबद्दल ‘रॉयल’ हा बहुमान मिळाला.

मेसोपोटेमियात ज्यांची थडगी सापडली नाहीत किंवा ज्यांना अग्नी दिला गेला, त्यांच्यासाठी बसऱ्याला १९२९ मध्ये स्मारक उघडले. ते चाळीस हजारांहून अधिक मृतांचे आहे. ब्रिटिश सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे भिंतीवर कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणवार संख्या तेवढी नोंदवली. त्याच युद्धातल्या फ्रान्समधील नव शापेलच्या स्मारकावर ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची नावे आहेत, म्हणजे नावे कोरणे अशक्य होते असे नाही. बसऱ्याला आकडे आले, कारण साध्या हिंदी शिपायाचे नाव कोरण्याच्या लायकीचे मानले गेले नाही. आपल्या गावातल्या संगमरवरी पाटीचे आणि बसऱ्याच्या भिंतीचे दुखणे एकच आहे.

समुद्रावर गेलेल्यांच्या बाबतीत मुंबईने अधिक न्याय केला. मस्जिद बंदर भागातील इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात बुडालेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांची नावे ब्राँझच्या पट्ट्यांवर आहेत. पण मुंबईत आयुष्य काढलेल्या माणसालाही ही वास्तू सहसा ठाऊक नसते.

टायबरच्या खोऱ्यातला माणगावचा गडी

दुसऱ्या महायुद्धातली एक घटना जवळून पाहू. १० जुलै १९४४, इटलीतील टायबर नदीचे वरचे खोरे. मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीतील नाईक यशवंत घाडगे यांची तुकडी अगदी जवळून मशिनगनच्या माऱ्यात सापडली. तुकडीतले बाकीचे सगळे ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटे उरले. ते थेट मशिनगनवर धावून गेले. आधी हातबाँब टाकून मशिनगन आणि ती चालवणारा संपवला, मग एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना त्यांनी दस्त्याने ठार केले. त्याच वेळी शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागून ते तिथेच पडले. वय अवघे बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचे थडगे नाही. नाव कासिनोच्या स्मारकावर आहे.

घाडगे रायगड जिल्ह्यातल्या पळसगाव-आमडोशीचे. माणगावला तहसील कचेरीच्या आवारात त्यांचा पुतळा आहे. २०२३ मध्ये इटलीतील मोंतोने या गावानेही त्यांच्या नावाने एक स्मारक उभारले, ते सूर्यघड्याळाच्या रूपात. ज्या गावाशी त्यांचे नाते एवढेच, की त्याच्या शिवारात ते लढले, त्या गावाला जवळपास ऐंशी वर्षांनी त्यांचे नाव लावावेसे वाटले. इटलीच्या मोहिमेत वीस व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यांपैकी सहा हिंदी सैनिकांना. त्या सहांत निमजचे नामदेव जाधवही होते. ते परतले आणि पुढे बरीच वर्षे जगले. आपल्या शाळकरी मुलांना ही दोन नावे पाठ असायला काय हरकत आहे?

आडनावांपलीकडचा महाराष्ट्र

स्वातंत्र्यानंतरची यादी पाहिली की महाराष्ट्राच्या अभिमानाची व्याप्ती उमगते. लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर मुंबईत जन्मलेले पारशी. त्यांचे पूर्वज शिवछत्रपतींच्या सेवेत होते असे घराण्यात सांगितले जाते. सप्टेंबर १९६५ मध्ये फिलोऱ्याच्या रणगाडा-लढाईत ते जखमी झाले, तरी मागे जायला तयार झाले नाहीत, आणि १६ सप्टेंबरला कामी आले. त्यांची पलटण पूना हॉर्स. त्याच पलटणीचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल जन्माने पुण्याचे. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत पेटलेला रणगाडा सोडायला त्यांनी नकार दिला. ते एकवीस वर्षांचे होते. मेजर रामस्वामी परमेश्वरन मुंबईत जन्मलेले, आठव्या महार पलटणीचे. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी श्रीलंकेत छातीत गोळी लागल्यावरही लढत राहिले. तिघांनाही मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. पारशी, पंजाबी, तमिळ घरांतली ही मुले या मातीत जन्मली. त्यांना आपले म्हणताना कोणाला अडखळावे लागू नये.

१९६२ च्या नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, तेव्हा हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावून गेला, असे महाराष्ट्राने अभिमानाने म्हटले. मंत्र्याच्या बाबतीत ते एकदा घडले, जवानांच्या बाबतीत ते रोज घडते. साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाड्यात धारातीर्थी पडले. ते सातारा सैनिक शाळेचे विद्यार्थी. १९६१ मध्ये सुरू झालेली ही देशातली पहिली सैनिक शाळा. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी प्रशिक्षण पूर्ण करून २०१७ मध्ये स्वतः लष्करी अधिकाऱ्याचा गणवेश चढवला.

आज काय आहे, काय हवे

दिल्लीतील राष्ट्रीय युद्धस्मारक २५ फेब्रुवारी २०१९ रोजी उघडले. तिथल्या त्याग चक्रात पंचवीस हजारांहून अधिक सैनिकांची नावे विटांसारख्या दगडांवर एकेक करून कोरली आहेत, शिपाई आणि अधिकारी एकाच मापाने. पुण्यात घोरपडीजवळचे युद्धस्मारक नागरिकांच्या वर्गणीतून उभे राहिले, ही या शहराला भूषणाची गोष्ट. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ‘मेरी माटी मेरा देश’ मोहिमेत ग्रामपंचायतींमध्ये शिलाफलक बसवायची योजना आली. ही सगळी पावले योग्य दिशेची आहेत.

उणीव आहे ती जुन्या काळाची आणि रोजच्या आठवणीची. जवानाचे पार्थिव गावात येते तेव्हा पंचक्रोशी लोटते, ‘अमर रहे’च्या घोषणांनी आसमंत भरतो, कमान उभी राहते. पाच-दहा वर्षांनी वीरमातेच्या घरी पंधरा ऑगस्टला कोणी गेले का, हे विचारायला हवे. वीरपत्नीचे पेन्शनचे कागद, मुलांची फी, जमिनीचा सातबारा यांत गाव तिच्या पाठीशी उभे राहिले का, हेही.

जुन्या पाट्यांच्या बाबतीत तर काम हाताशी आहे. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदी संगणकावर सर्वांना मोफत पाहता येतात. बसऱ्याच्या भिंतीवर नसलेली नावे त्या नोंदींत आहेत, आणि पुष्कळ नावांपुढे बापाचे नाव, गाव, तालुका, जिल्हा लिहिलेला आहे. लाहोरच्या संग्रहालयात पडून असलेल्या पंजाबच्या सुमारे तीन लाख वीस हजार सैनिकांच्या नोंदी २०२१ मध्ये लोकांसमोर आणण्याचे काम सुरू झाले. महाराष्ट्राने तेवढेच काम आपल्या जिल्ह्यांसाठी हाती घ्यावे. इतिहासाचे शिक्षक, महाविद्यालयांतले राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी, माजी सैनिक संघटना आणि ग्रामपंचायत एकत्र बसली तर एका गावाची यादी एका उन्हाळ्याच्या सुट्टीत तयार होऊ शकते. जिथे आकडा ४६ आहे तिथे ४६ नावे आली पाहिजेत.

वाचकहो, आपल्या गावात अशी पाटी असेल तर येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत हा विषय मांडा. जुन्या पाटीला हात न लावता तिच्या शेजारी मराठीत नवी शिळा बसवा, तिच्यावर प्रत्येकाचे पूर्ण नाव, वाडी आणि पलटण लिहा, आणि दरवर्षी ध्वजवंदनानंतर ती नावे शाळेतल्या मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या. महाराष्ट्राचा अभिमान बाळगणाऱ्या प्रत्येक गावावर एवढे ऋण आहे, आणि ते फेडता येण्यासारखे आहे.