पोळी आणि टाळी

१७ जुलै १९५५ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, अनाहाइम या गावी, डिस्नीलँड या क्रीडानगरीचे उद्घाटन झाले. या नगरीत स्वतःचे भांडवल गुंतविलेल्या एबीसी या दूरचित्रवाणी कंपनीने तो सोहळा घरोघरी पोहोचविला. निवेदकांमध्ये पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले रोनाल्ड रेगन होते, तसेच आर्ट लिंकलेटर हे त्या काळचे लोकप्रिय निवेदकही होते. पडद्यावर सर्वत्र आनंदीआनंद दिसत होता. प्रत्यक्षात उन्हाच्या तडाख्याने नव्या रस्त्यांचे डांबर मऊ पडून स्त्रियांच्या बुटांच्या टाचा त्यात रुतत होत्या, पिण्याच्या पाण्याचे नळ अपुरे पडत होते, आणि बनावट प्रवेशपत्रिकांमुळे अपेक्षेहून कितीतरी अधिक माणसे आत शिरली होती. लिंकलेटर यांनी त्या दिवसाचे मानधन अगदी किमान दराने घेतले. मात्र त्याच्या बदल्यात डिस्नीलँडमध्ये कॅमेरे आणि फिल्म विकण्याचा मक्ता दहा वर्षांपुरता मागून घेतला. तेथे येणारा प्रत्येक पाहुणा छायाचित्रे काढणार, हे त्यांनी अचूक ओळखले होते. पुढे ही हकीकत ते स्वतःच मोठ्या खुषीने सांगत असत. पण त्या दिवशी घरी बसून सोहळा पाहणाऱ्याला या व्यवहाराचा पत्ता असण्याचे कारण नव्हते.

ही जुनी हकीकत आज आठवण्याचे कारण असे की, लिंकलेटर यांचे ते एका दिवसाचे काम आज असंख्य माणसांचा नित्याचा व्यवसाय झाले आहे. हाती छोटा कॅमेरा किंवा नुसता मोबाइल घेऊन ही मंडळी फ्लोरिडातील किंवा कॅलिफोर्नियातील थीम पार्कमध्ये दिवसभर हिंडतात. कोणता पाळणा नवा आला, कोणत्या उपाहारगृहात काय मिळते, रांग किती लांब आहे, हे बोलत बोलत चित्रित करतात आणि यूट्यूबवर प्रसिद्ध करतात. त्यांना व्लॉगर म्हणतात. मे २०२५ मध्ये ऑर्लँडो येथे एपिक युनिव्हर्स ही युनिव्हर्सल कंपनीची नवी नगरी उघडली, तेव्हा तिचा कानाकोपरा जगाला प्रथम दाखविणाऱ्यांत वृत्तपत्रांच्या प्रतिनिधींइतकेच हे व्लॉगरही होते. ‘हे लोक रोज सहलीला जातात, मग यांचे पोट चालते कसे?’ असा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात येतोच. त्याचे उत्तर मिळाले की पाठोपाठ दुसरा प्रश्न उभा राहतो: ‘मग यांनी सांगितलेले खरे मानावे किती?’

आधी पहिल्या प्रश्नाचा विचार करू. उत्पन्नाचा पहिला झरा जाहिरातींचा. यूट्यूबने २००७ पासून चित्रफिती करणाऱ्यांना जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा देण्यास प्रारंभ केला. २०१८ पासून या वाट्यासाठी किमान १,००० वर्गणीदार आणि बारा महिन्यांत ४,००० तासांचे प्रेक्षण अशी अट आहे. लघुचित्रफितींसाठी निराळा निकष पुढे आला. मोठ्या चित्रफितींवरील जाहिरातींचे ५५ टक्के उत्पन्न करणाऱ्याला मिळते, उरलेले कंपनी ठेवते. चित्रफीत आठ मिनिटांहून लांब असेल, तर मध्येही जाहिराती घालता येतात. चार मिनिटांची गोष्ट अनेकदा पंधरा मिनिटे का ताणली जाते, याचा उलगडा येथे होतो. शिवाय हे उत्पन्न ऋतुमानाप्रमाणे चढते-उतरते. नाताळच्या तोंडावर जाहिरातदारांची झुंबड असते. जानेवारी उजाडला की दर कोसळतात.

दुसरा झरा प्रेक्षकांच्या औदार्याचा. कोणी मासिक वर्गणी देऊन सभासद होतो. थेट प्रक्षेपण चालू असता कोणी पैसे पाठवितो आणि त्याचा संदेश ठळक अक्षरांत पडद्यावर झळकतो. २०१७ साली आलेली ही सोय अमेरिकनांना मोठी नवलाची वाटली असेल; आम्हा गोमंतकीयांना तिचे नवल वाटू नये. आमच्या जत्रांतील नाटकांत एखाद्या नटावर खूष होऊन रसिक बक्षीस देतो, आणि देणाऱ्याचे नाव ध्वनिक्षेपकावरून पुकारले जाते. देणाऱ्यालाही क्षणभर रंगमंचावर चढल्याचा आनंद मिळतो. फरक इतकाच की, यूट्यूबवरील बक्षिसातले तीस टक्के मांडव घालणाऱ्या कंपनीच्या खिशात जातात.

तिसरा झरा दलालीचा, आणि तो जमिनीखालून वाहतो. डिस्नीच्या सहलींची नोंदणी करणाऱ्या प्रवासी संस्थांना कंपनीकडून दलाली मिळते. अशी संस्था व्लॉगरला पुरस्कृत करते आणि व्लॉगर आपले प्रेक्षक तिच्याकडे धाडतो. डिस्नीने १९९१ पासून विश्रामगृहांतील वास्तव्याचे हक्क ‘पॉइंट’रूपाने विकण्याची योजना चालविली आहे. सभासदांचे न वापरलेले पॉइंट भाड्याने मिळवून देणारे मध्यस्थही व्लॉगरांना पैसे देतात. पायांतले बूट, पाठीवरची पिशवी, उन्हात धरायचा पंखा यांच्या खरेदीचे दुवे चित्रफितीखाली दिलेले असतात. त्यावरून खरेदी झाली की व्लॉगरला काही टक्के मिळतात. लिंकलेटर यांचा फिल्मचा मक्ता तो हाच!

चौथी गोष्ट रोख पैशांची नव्हे, आदरातिथ्याची. नवा पाळणा किंवा नवे हॉटेल सर्वांना खुले होण्यापूर्वी कंपनी निवडक व्लॉगरांना बोलावते. प्रवेश फुकट, भोजन फुकट, कित्येकदा राहणेही फुकट. इतरांच्या आधी दाखविता आल्याने प्रेक्षक वाढतात, आणि प्रेक्षक वाढल्याने पहिला झरा फुगतो. त्यातच, पूर्वपरवानगीवाचून व्यापारी हेतूने चित्रण करू नये असा डिस्नीच्या आवाराचा नियम आहे. म्हणजे बहुसंख्य व्लॉगर कंपनीच्या काणाडोळ्यावरच जगतात. अशा माणसाला निमंत्रण आले तर ते केवळ आमंत्रण राहत नाही, ते अभयदान ठरते.

हे वाचून कोणी म्हणेल, चैनीचा धंदा आहे. आम्हांस तसे वाटत नाही. प्रवासाचा, उपकरणांचा, प्रवेशाचा खर्च बहुतेकांना स्वतःच करावा लागतो. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे या नगऱ्यांना कुलपे लागली. कॅलिफोर्नियातील डिस्नीलँड तर ३० एप्रिल २०२१ पर्यंत उघडले नाही. त्या काळात या व्यवसायाचा पायाच नाहीसा झाला होता. रोज नवे काही दाखवलेच पाहिजे हा तगादा, आणि हसरा चेहरा हेच भांडवल. आजारपणातही ते भांडवल मोडून चालत नाही. कष्टाचा मोबदला मागण्यात लाजिरवाणे काही नाही.

प्रेक्षकांच्या मनातही हेच असावे. त्यांच्या प्रतिक्रिया पाहिल्या, तर पैसे मिळविल्याबद्दलचा राग तुलनेने थोड्यांचा आहे. ‘आमच्या जिवावर यांची सुट्टी’ असे म्हणणारे असतात. दुसऱ्याचा विरंगुळा पाहून पोटात दुखणे हा मनुष्यस्वभावच आहे. पण मोठा वर्ग निराळा आहे. त्यात सहलीचा आराखडा आखणारे आईबाप आहेत. १९५५ साली डिस्नीलँडचे प्रौढांचे प्रवेशशुल्क एक डॉलर होते, खेळांचे पैसे वेगळे. आज गर्दीच्या दिवसांत एका दिवसाचे तिकीट दोनशे डॉलरच्या आसपास जाते, आणि १९९९ पासून फुकट मिळत आलेली लांब रांग टाळण्याची सोय २०२१ पासून विकत घ्यावी लागते. अमेरिकेत स्थायिक झालेली आमची मुलेबाळे गावाहून आलेल्या आजी-आजोबांना ऑर्लँडो दाखवायला नेतात, तेव्हा त्यांनाही याच हिशेबातून जावे लागते. इतका पैसा ओतण्यापूर्वी जाणत्याचा सल्ला हवासा वाटला तर नवल ते काय?

आणि त्यात असेही प्रेक्षक आहेत, जे कधीच तिथे जाणार नाहीत. कोणी अंथरुणाला खिळलेला, कोणी एकाकी, कोणाची ऐपत नाही. व्लॉगर त्यांच्या वतीने चालतो, त्यांच्या वतीने पाळण्यात बसतो. १९५६ साली डॉनल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोघा अभ्यासकांनी दूरचित्रवाणीवरील निवेदक आणि प्रेक्षक यांच्यातील या एकतर्फी जवळिकीवर लेख लिहिला होता. निवेदक प्रेक्षकाला ओळखत नाही, पण प्रेक्षकाला तो घरचाच वाटतो. घरच्या माणसाने कमाई केली तर आपल्याला आनंद होतो. परंतु त्याच घरच्या माणसाने कोणाकडून तरी पैसे घेऊन आपल्याला सल्ला दिला आणि ती गोष्ट लपविली, तर होणारे दुःख परक्याने फसविल्याच्या दुःखाहून मोठे असते. प्रेक्षकाची तक्रार कमाईची नाही. ती मिंधेपणाची, आणि त्याहूनही लपवाछपवीची आहे.

याचे एक बोलके उदाहरण अलीकडचेच आहे. १ मार्च २०२२ रोजी डिस्नीने फ्लोरिडात ‘गॅलॅक्टिक स्टारक्रूझर’ हे अंतराळयानाच्या धर्तीचे हॉटेल उघडले. दोन रात्रींच्या मुक्कामाला चौघांच्या कुटुंबास सुमारे सहा हजार डॉलर पडत. उघडण्यापूर्वी पत्रकार आणि व्लॉगर यांना तेथे पाहुणचार झाला, आणि कौतुकाच्या पुष्कळ चित्रफिती प्रसिद्ध झाल्या. त्या सर्व खोट्या होत्या असे आम्ही म्हणणार नाही. कित्येकांना तो अनुभव मनापासून आवडलाही असेल. पण फुकट जेवलेल्याला जेवण महाग होते की नाही हे कसे कळावे? सप्टेंबर २०२३ मध्ये, म्हणजे अवघ्या दीड वर्षात, ते हॉटेल बंद पडले. मे २०२४ मध्ये जेनी निकल्सन या चित्रफीतकार बाईंनी त्यावर चार तासांहून मोठी चित्रफीत प्रसिद्ध केली. त्या स्वतःच्या पदरचे पैसे देऊन तेथे राहिल्या होत्या, आणि काय मिळाले, काय मिळाले नाही, याचा त्यांनी बारकाईने हिशेब मांडला. चार तासांचा तो हिशेब लक्षावधी लोकांनी पाहिला. बाईंचे उत्पन्न मुख्यतः मासिक वर्गणी देणाऱ्या चाहत्यांकडून येते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, असे आपल्याकडे म्हणतात. त्यांची पोळी प्रेक्षकांच्या चुलीवर भाजलेली होती, म्हणून टाळीही प्रेक्षकांच्या बाजूने वाजली.

तथापि वर्गणीदारांच्या पोळीलाही चव असते, हे विसरता कामा नये. डिस्नीवर जीव टाकणाऱ्या वर्गणीदारांना त्याची निंदा रुचत नाही. उलट काहींना केवळ निंदाच हवी असते आणि तिचाही बाजार भरतो. संपूर्ण निर्लेप असा निवेदक कोठेच नाही. म्हणूनच, पैसा कोठून आला ते आधी सांगा, मग हवे ते बोला, हा नियम सगळ्यात शहाणपणाचा ठरतो. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २००९ साली आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा हौशी लेखकांना आणि निवेदकांना समाविष्ट केले व २०२३ मध्ये ती तत्त्वे अधिक कडक केली. आपल्याकडे जाहिरातक्षेत्राच्या स्वयंनियामक परिषदेने २०२१ मध्ये आणि केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याने जानेवारी २०२३ मध्ये असेच नियम जाहीर केले. पैसे, भेटवस्तू, फुकट मुक्काम, यांपैकी काहीही घेतले असेल तर ते ठळकपणे आणि प्रेक्षकाला कळेल अशा भाषेत सांगितले पाहिजे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल दहा लाखांपर्यंत, आणि पुन्हा तोच अपराध घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

हा विषय सातासमुद्रापलीकडचा म्हणून सोडून देता येणार नाही. खोपोलीजवळ २०१३ पासून इमॅजिका उभी आहे. आमच्या किनाऱ्यावर हातात कॅमेरा घेतलेले पाहुणे बारमाही दिसतात. कोणत्या शॅकमध्ये जेवावे, कोणत्या हॉटेलात उतरावे, हे आज हजारो पर्यटक त्यांच्याकडून ऐकून ठरवितात. फुकट खोलीच्या बदल्यात केलेली स्तुती जर न सांगता खपू लागली, तर जो हॉटेलवाला खोली फुकट देत नाही, पण स्वच्छ ठेवतो, त्याचे नुकसान होईल. आणि एकदा फसलेला पर्यटक दोष त्या व्लॉगरला देणार नाही, गोव्याला देईल.

हे लिहिताना आमच्या स्वतःच्या घराकडे डोळेझाक करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. वृत्तपत्रेही जाहिरातींवरच चालतात. वाचक देतो त्या किमतीत बहुधा कागद आणि छपाईचाही खर्च भागत नाही. पैसे घेऊन छापलेल्या मजकुरावर ‘जाहिरात’ हा शब्द ठळक छापण्याची रीत आहे, आणि ती जेथे मोडली गेली तेथे वृत्तपत्रांची अब्रू गेली आहे. तोच एक शब्द व्लॉगरने चित्रफितीच्या आरंभी उच्चारावा, एवढीच अपेक्षा आहे. तो उच्चारल्याने प्रेक्षक पळून जातो असे नाही. बक्षीस घेणाऱ्या नटाचे नाटक कोणी अर्ध्यावर सोडून जात नाही, कारण ते बक्षीस भर सभेत पुकारलेले असते.

प्रेक्षकालाही एक गोष्ट सांगितली पाहिजे. स्वतः काहीच न देता निःस्पृह सल्ल्याची अपेक्षा करता येत नाही. आपण दिले नाही तर दुसरा कोणी देणारच, आणि तो आपल्या सोयीची टाळी वाजवून घेणारच. ज्याच्या बोलण्यावर विसंबून आपण कष्टाचा पैसा खर्च करतो, त्या व्लॉगरला, त्या कीर्तनकाराला, त्या वृत्तपत्राला थोडेफार आपल्या हातून मिळू द्यावे. आरतीच्या तबकात टाकलेले नाणे लहान असते, पण ते टाकणाऱ्याला ‘बुवा, आज कथेत काही राहून गेले’ असे म्हणण्याचा अधिकार त्यानेच मिळतो.