वसाहत, उपरा, विस्थापित : शब्द कोणाच्या अंगणात उभा आहे?

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारले होते, "सर, 'रेल्वे वसाहत' म्हणताना काही खटकत नाही, मग 'वसाहतवाद' म्हणताना का खटकते? शब्द तर एकच ना?" प्रश्न साधा वाटतो, पण तसा नाही. आज त्याचाच विचार करू.

'वसाहत' हा 'वसणे'च्या कुळातला शब्द. वस्ती, वसतिगृह ही त्याची भावंडं. त्यात राहण्याचा अर्थ आहे, बळकावण्याचा नाही. लॅटिनमधल्या 'कोलोनिया'चंही तसंच. 'कोलोनस' म्हणजे शेतकरी आणि मूळ धातूचा अर्थ जमीन कसणे. पण रोमने जिंकलेल्या मुलखात निवृत्त सैनिकांना जमिनी देऊन गावे वसवली, त्यांनाही हेच नाव पडले. जर्मनीतल्या कोलोन शहराच्या नावात तो शब्द आजही आहे. म्हणजे शब्दात नांगर दिसतो, त्यामागची तलवार दिसत नाही.

आता आपल्या गावाकडे वळू. जुन्या मराठी गावात घरांची जमीन 'पांढरी' आणि शेतीची 'काळी'. दुष्काळाने, लढायांनी गाव ओस पडले की ते पुन्हा वसवायला सरकार कौल देई. सुरुवातीची काही वर्षे सारा कमी, मग चढत जाणारा. याला 'इस्तावा' म्हणत. नव्याने येणारा माणूस तेव्हा हवा असे. पण त्याच गावात दोन प्रकारचे कुणबी होते. मिरासदाराचा जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क, तर 'उपरी' ठरलेल्या मुदतीपुरता कसणारा. हा महसुलाचा शब्द होता, शिवी नव्हती. आज मात्र 'उपरा' म्हटले की समोरच्याला बाहेर काढल्यासारखे होते. लक्ष्मण माने यांनी १९८० साली आपल्या आत्मकथनाला हेच नाव दिले, त्यात ही सगळी वेदना आहे.

मग वसणे न्याय्य कधी आणि अन्याय्य कधी? आमच्या मते शब्दाला एकच प्रश्न विचारावा : आधी इथे कोण होते? ऑस्ट्रेलियाचे उदाहरण घ्या. १७८८ साली ब्रिटिश तिथे उतरले आणि पुढे कायद्याने ती भूमी जणू कोणाचीच नव्हती असे धरले गेले. माणसे तर हजारो वर्षे राहत होती. मेर बेटावरचे एडी माबो यांनी आपल्या लोकांच्या जमिनीसाठी खटला लढवला. जून १९९२ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने ती कल्पना नाकारली. माबो मात्र त्याच वर्षी जानेवारीत वारले होते. 'कोणाचीच नाही' या दोन शब्दांनी दोनशे वर्षे केवढे काम केले बघा!

आता थोडे स्वतःचे सांगतो. आमचे मूळ गाव धरणाच्या पाण्याखाली गेले. आम्ही लहान होतो. सरकारी कागदावर आम्ही 'धरणग्रस्त', आमच्या आजीच्या तोंडी 'उठवलेले'. नव्या ठिकाणी जमीन मिळाली, तिथे आजूबाजूचे लोक आम्हाला 'धरणवाले' म्हणत. त्यांचा राग आम्हाला कळत नसे. फार उशिरा कळले, की जी जमीन 'पडीक' म्हणून आम्हाला मिळाली, तिथे त्यांची गुरे पिढ्यान्‌पिढ्या चरत होती. आमचे गाव गेले हे खरे, आणि त्यांचे चराऊ रान आमच्यामुळे गेले हेही खरे. विस्थापित आणि वसाहतकार हे दोन्ही शब्द एकाच घराला लागू पडतात, हे तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांनी आम्हाला शिकवले नाही, त्या रानाने शिकवले.

म्हणून त्या श्रोत्याला आमचे उत्तर असे : रेल्वे वसाहत खटकत नाही, कारण तिथे आधी कोण होते हे आपण विचारत नाही. कधीतरी विचारून पाहावे. वसणारा माणूस त्यामुळे लगेच गुन्हेगार ठरत नाही, पण शेजाऱ्याशी बोलायची सुरुवात तरी नीट होते.

पुढच्या वेळी 'मायभूमी' हा शब्द घेऊ.