लॅक्स्टनची खुली शेते

इंग्लंडमधील खेडे म्हटले, की झुडपांच्या हिरव्या कुंपणांनी आखलेली शेते डोळ्यांपुढे येतात. परंतु यांतील बरीचशी कुंपणे फार जुनी नाहीत. मध्ययुगात त्या देशाच्या मोठ्या भागात जमीन खुली असे. १६०४ ते १९१४ या काळात पार्लमेंटने पाच हजारांहून अधिक कायदे करून अशा जमिनींना कुंपणे घालण्यास संमती दिली. त्यामुळे सामायिक कुरणांवरील अनेक गरिबांचे हक्क संपुष्टात आले.

नॉटिंगहॅमशर परगण्यातील लॅक्स्टन हे लहानसे खेडे मात्र या लाटेतून बचावले. तेथे वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड अशी तीन विस्तीर्ण शेते आजही आहेत. प्रत्येक शेतात निरनिराळ्या शेतकऱ्यांचे पट्टे असून त्यांच्यामध्ये कुंपण नाही. परंपरेने एका शेतात गहू, दुसऱ्यात वसंतात पेरावयाचे पीक आणि तिसरे पडीक, असा क्रम दरवर्षी फिरत राहतो. मार्क पिअर्स याने १६३५ साली काढलेल्या गावाच्या नकाशात हे पट्टे एकेक करून दाखविलेले आहेत. तो नकाशा ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे.

कुंपण नाही, तर शेजाऱ्याचा बांध कोरला जाणार नाही कशावरून? त्यासाठी 'कोर्ट लीट' नावाची ग्रामसभा आहे. हिवाळ्याच्या तोंडाशी गावातील पंच गव्हाच्या शेताची पाहणी करतात, हद्दीवर खुंट्या ठोकतात आणि नांगर सामायिक वाटेत वा गवताळ पट्टीत शिरला असल्यास त्याची नोंद घेतात. पुढे सभा भरते व दोषी शेतकऱ्यास दंड होतो. दंडाची रक्कम किरकोळ असते. परंतु तो शेजाऱ्यांच्या समक्ष होतो, हेच त्याचे बळ होय.

ही व्यवस्था अगदी जशीच्या तशी टिकली, असे मात्र नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभी लहान पट्टे एकत्र करून मोठे करण्यात आले. बैल व घोडे जाऊन ट्रॅक्टर आले. मालकीही बदलत गेली : १९५२ साली गाव कृषी मंत्रालयाकडे, १९८१ मध्ये क्राउन इस्टेटकडे आणि २०२० मध्ये थोर्सबी इस्टेटकडे गेले.

किल्ला वा चर्च यांची डागडुजी पैशाने करता येते. लॅक्स्टनचा वारसा तसा नाही. तेथील शेतकरी कसत राहतील आणि पंचांचा निवाडा मानतील, तोवरच तो जिवंत राहील.