जुन्या मालमोटारीचे पाटे उंचावण्याविषयीं
शिरूर अनंतपाळकडील काळ्या रानांत उसाची जुनी मालमोटार रुतली, कीं मागें एखादा पाटा वाढवून ती उंच करावी असें मालकास वाटतें. परंतु पाटे आंसावर बसतात. त्यांचा बाक वाढविल्यानें वरची चौकट उंचावते, चिखलांत घासणारा डिफरन्शियलचा गोळा मात्र होता तेथेंच राहतो. तो उंचावण्यास मोठ्या व्यासाचें चाकच पाहिजे.

पाटे थकून सपाट झाले असल्यास गोष्ट वेगळी. ते नवे घालावे. भात्यावर नुसते तापवून वांकविल्यास पोलादाचें पाणी उतरतें व भाराखालीं ते पुन्हां बसतात. यू-बोल्ट थोडी गाडी चालल्यावर फिरून आवळावे. चौकट फार चढविल्यास उसाची गाडी वळणावर कलते, हें बंधूंनीं विसरूं नये.

जादा पाट्यानें नोंदलेलें वजन वाढत नाहीं. नोंदणीशीं विसंगत फेरफारास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें मनाई आहे.