मूल घरात, मूल शाळेत : गरजू मुलांसाठी आपल्या गटाने काय करावे?

भातलावणी उरकली असेल, नाचणीची कामे चालू असतील. हातातले काम चालू ठेवा आणि कान इकडे द्या. आजचा विषय आहे आपल्याच वाडीतल्या अशा मुलांचा, ज्यांना आधार हवा आहे.

गरजू मूल म्हटले की आपल्याला अनाथ मूल आठवते. पण हिर्डोशीपासून वरंधा घाटापर्यंतच्या वाड्यांवर नजर टाका. कुणाचा बाप वारला आहे आणि आई एकटी मजुरी करते. कुणाचे आईबाप वीटभट्टीवर गेलेत आणि मूल आजीजवळ आहे. कुणाच्या घरी आजारपण हटत नाही. कुणाची मुलगी सातवीनंतर घरी बसली, कारण पुढची शाळा लांब आहे. ही सगळी मुले गरजूच आहेत. आपण त्यांना सणाला कपडे देतो, शाळा सुरू होताना वह्या देतो. ते चांगलेच आहे. पण वह्या चार महिन्यांत संपतात. मूल टिकायचे तर दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात : ते आपल्या माणसांत राहिले पाहिजे आणि शाळेत राहिले पाहिजे.

आधी घराचे बोलू. घरातला कर्ता माणूस गेला की पहिला विचार येतो, मुलाला कुठेतरी ‘संस्थेत’ ठेवावे. आईजवळ, आजीजवळ, काकाजवळ मूल वाढू शकत असेल, तर त्याला तिथेच वाढवावे आणि मदत घरी पोचवावी, असा सरकारचाही नियम आहे. त्यासाठीच बालसंगोपन योजना आहे. आता तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे. २०२३ पासून या योजनेत मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात, वयाच्या १८ वर्षांपर्यंत. आईवडील दोघेही नसलेली मुले, एकच पालक असलेली मुले, पालक गंभीर आजारी किंवा तुरुंगात असलेली मुले, अशांसाठी ती आहे. म्हणजे विधवा आईची मुलेही यात बसतात. ‘आई आहे ना, मग कशाला मिळेल?’ असे कुणी म्हटले तर ऐकू नका.

अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जातो. मग घरी येऊन चौकशी होते आणि बालकल्याण समिती आदेश काढते. आधार कार्ड, रेशन कार्ड, मृत्यूचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचा बोनाफाइड, बँकेचे पासबुक आणि फोटो एवढे तयार ठेवा. अर्जाला पैसे लागत नाहीत. कुणी ‘काम करून देतो’ म्हणून हजार-दोन हजार मागितले तर देऊ नका.

यात अडते कुठे? बहुतेक वेळा मृत्यूच्या दाखल्यावर. घरी माणूस गेला की दु:खात नोंद राहून जाते. ग्रामपंचायतीत २१ दिवसांच्या आत नोंद केली तर सोपे असते, उशीर झाला की फेऱ्या वाढतात. म्हणून मयताला गेलेल्या बायांपैकी एकीने दहाव्या-बाराव्यापर्यंत हळूच विचारावे, ‘नोंद झाली का गं?’ आणि दुसरी अडचण एसटीच्या भाड्याची. इथून भोर, भोरहून पुणे, दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच. एकटी बाई दोन फेऱ्यांत थकते आणि कागद पिशवीत घालून ठेवते. गटाने एवढे भाडे दिले आणि बरोबर एक जण गेली, तर ते वह्यांपेक्षा मोठे दान आहे.

आता शाळेचे. शिक्षणाचा हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षण मिळालेच पाहिजे. यातल्या तीन गोष्टी पाठ करून ठेवा. एक, जन्माचा दाखला नाही म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. दोन, आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला तरी प्रवेश अडवता येत नाही. तीन, मध्येच शाळा सुटलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचे आणि मागे पडलेले शिकवून घ्यायचे. भट्टीवरून परत आलेल्या कातकरी मुलांना हाच नियम उपयोगी पडतो. बारा वर्षांच्या मुलाला पहिलीत बसवले तर तो लाजेने आठवड्यात पळतो.

पुढे मुलींचे. पाचवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी एसटीचा पास मोफत आहे, अहिल्याबाई होळकरांच्या नावाने. आठवीत एनएमएमएस नावाची परीक्षा असते. सरकारी, जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेतले मूल त्यात निवडले गेले तर नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपये मिळतात. घरचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवे. फॉर्म शाळाच भरते, पण शिक्षकांना जाऊन विचारावे लागते. पाचवीतल्या हुशार मुलासाठी नवोदयची परीक्षा आहे. पुणे जिल्ह्याचे नवोदय विद्यालय शिरूर तालुक्यात पिंपळे जगताप इथे आहे. सहावीपासून राहणे, जेवण, शिक्षण तिथेच होते आणि तीन चतुर्थांश जागा ग्रामीण मुलांसाठी असतात.

आता एक सावधगिरीची गोष्ट. गरिबीत कुणीतरी दारात येते आणि म्हणते, ‘पोरगी द्या, शहरात घरकाम करील, आम्ही शिकवू.’ किंवा ‘पोरगा मेंढरांमागे येऊ द्या, वर्षाला पैसे देतो.’ २०२२ साली नाशिक जिल्ह्यात इगतपुरी तालुक्यातल्या कातकरी वस्तीतली मुले थोडे पैसे आणि एखाद्या मेंढीच्या बदल्यात मेंढरांमागे पाठवल्याचे उघड झाले. त्यातली एक लहान मुलगी जिवानिशी गेली. तिच्या आईबापांनीही मुलगी पोटाला लागेल असेच मानले असेल. १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणे गुन्हा आहे. एखादी संस्था मुलाला न्यायला आली, तर तिची नोंदणी आहे का आणि बालकल्याण समितीचा आदेश आहे का, हे विचारा. त्याशिवाय मूल पाठवू नका. शंका आली तर १०९८ ला फोन करा. तो मोफत आहे, रात्रंदिवस चालू असतो. मुलीचे लग्न अठराच्या आत ठरत असेल तर गावात ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहेत. त्यांना आधीच कळवा, मांडव पडल्यावर नको.

तुम्ही म्हणाल, आम्ही साध्या बाया, आमच्याने काय होणार? शेजारच्या साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली सगळ्या जातींच्या गरीब मुलांसाठी वसतिगृह काढले. मुलांच्या जेवणाला पैसे उरेनात तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. त्या काळी ना योजना होती, ना कायदा. आज दागिने मोडायची गरज नाही. आज कमी पडते ते विचारपूस करणारे माणूस.

म्हणून गटाच्या मासिक बैठकीत हप्ते जमा झाले की एक प्रश्न रोज... नव्हे, दर महिन्याला विचारा : ‘या महिन्यात आपल्या वाडीतले कुठले मूल शाळेत गेले नाही?’ नावे वहीत लिहा. प्रत्येक मुलासाठी एक बाई ठरवा. ती त्या घरी जाईल, कागद कुठे अडलाय ते पाहील. गावात ग्राम बाल संरक्षण समिती असते, सरपंच तिचे अध्यक्ष असतात. तिची बैठक शेवटची कधी झाली, हे ग्रामसभेत विचारा. आणि एक सांभाळा. त्या मुलाची कीव चारचौघांत करू नका, मदत देताना फोटो काढू नका. त्याला उद्या याच गावात मान वर करून फिरायचे आहे.

पुढच्या बैठकीला वहीचे एक पान यासाठी मोकळे ठेवा.