बोलता येत नसेल, तर रेघ ओढा

साठीच्या एक बाई दर आठ दिवसांनी दवाखान्यात येत. छातीत दडपल्यासारखे होते, झोप लागत नाही, ही तक्रार. ई.सी.जी., रक्तदाब, थायरॉईड सारे ठीक. यजमान जाऊन वर्ष झाले होते. तो विषय निघाला की गप्प. एकदा कळले, की रोज पहाटे सडा-रांगोळी करणाऱ्या या बाईंनी वर्षभरात एक ठिपकाही काढला नव्हता. लोक काय म्हणतील! मी म्हटले, ‘‘अंगण राहू द्या. नातवाच्या वहीत काढा.’’

यामागे शास्त्र आहे. ‘आर्ट थेरपी’ हा शब्द १९४२ साली ॲड्रियन हिल या इंग्रज चित्रकाराने रूढ केला. क्षयरोगाने आजारी असताना त्याला चित्रांचाच आधार झाला होता. हात गुंतला की मनात फिरणारे तेच ते विचार थोडे थांबतात. ज्या दुःखाला शब्द सापडत नाहीत, ते कागदावर उतरते. २०१६ साली अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाने ३९ प्रौढांना पाऊण तास कलाकृती करू दिल्या. सुमारे तीन चतुर्थांश जणांच्या लाळेतील कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी संबंधित संप्रेरक, कमी झाले. चित्रकलेचा अनुभव असण्या-नसण्याने फरक पडला नाही. अभ्यास लहान होता, पण करून पाहायला खर्च तो काय?

वही-पेन्सिल घ्या, रोज वीस मिनिटे बसा. रंग, गोधडीचे टाके, मातीकाम, काहीही चालेल. चित्र सुबक हवे असे नाही. घरच्यांनी ‘हे काय काढलंस?’ म्हणून हसू नये, की अर्थही लावू नये. ‘यातलं काही सांगावंसं वाटतं का?’ एवढेच विचारावे.

मात्र हा औषधांना पर्याय नव्हे. चालू गोळ्या मनाने बंद करू नका. दोन आठवडे उदासी हटत नसेल, तर डॉक्टरांना भेटा. जीव नकोसा वाटत असेल, तर एक दिवसही थांबू नका. सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत असून चोवीस तास चालू असतो.

बाईंच्या वहीत पहिली आठ पाने नुसते ठिपके होते. नवव्या पानावर विहीर. ‘‘ही यांनी खणलेली,’’ म्हणाल्या आणि वर्षात प्रथमच मोकळेपणी रडल्या. झोपेची गोळी अजून चालू आहे. पण आता त्या यजमानांबद्दल बोलतात.